बादल्यांची रात्र

पहिल्या वर्षी मका नुसताच वाढत गेला.
जुलैत छताला टेकला, ऑगस्टात छताच्याही वर,
पण तुऱ्याचं नाव नाही.
अबुंदियोकाका शिडीवर चढून शेंड्यात डोकावायचा
आणि उतरताना कुणाशी बोलायचा नाही.
समोरच्या गॅरेजातली पोरं विचारायची,
काका, यावर चढून गावी जाणार का?

बियाणं मोज्यातून आलेलं,
वाहाकाच्या डोंगरातून, निळं, जवळजवळ काळं,
जिथं जूनमधला सूर्यसुद्धा वेळेवर घरी जातो.
इथं फ्रेस्नोत तो साडेआठपर्यंत
कुंपणावर बसून राहतो, उठा म्हटलं तरी उठत नाही.
मका बिचारा वाट बघत राहिला
संध्याकाळ व्हायची.

ऑक्टोबर संपता संपता तुरे आले.
कणसांत दूध भरतंय न भरतंय
तोच एका पहाटेच्या हिवानं सगळं झोपवलं.

काका बदामाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
दिवसा झोप यावी म्हणून
खिडकीला घोंगडी ठोकलेला माणूस.
अंधार विकत मिळत नाही, करावा लागतो,
हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

पुढच्या वर्षी त्यानं रंगाच्या दुकानातून
छत्तीस रिकाम्या बादल्या आणल्या.
रोपांना पाचवं पान फुटलं त्या दिवसापासून
कामावर निघताना, लख्ख उन्हात,
एकेका रोपावर एकेक बादली पालथी,
वर वीट. सकाळी परत आला की
डब्याची पिशवीही खाली न ठेवता
एकेक उचलायचा.
आत कोंदट ओल, पानांवर घाम.
असे सतरा दिवस.
एक बादली चिरलेली होती, बोटभर उजेड गळायचा.
ते रोप छतापर्यंत गेलं, वाट बघत.
बाकीच्यांना जुलैत तुरे.

काका त्या दिवशी झोपलाच नाही.
पिवळी भुकटी मनगटावर घेऊन
घरभर दाखवत फिरला, कामाच्या बुटांतच.

भुकटीला कुंपण कळत नाही.

पलीकडे माई येर राहते, लाओसच्या डोंगरातली, ह्मोंग.
तिचा मका पांढरा, चिकट,
वाफवला की दाताला धरून बसणारा.
तिच्या आईनं नदी ओलांडताना
केसांच्या गाठीत आणलेला, असं तिची नात सांगते.
सप्टेंबरात ती फाटकाशी आली,
बियाण्यासाठी राखलेलं कणीस हातात,
आणि पांढऱ्या ओळींमध्ये
सात निळे दाणे.

तिला स्पॅनिश येत नाही, काकाला ह्मोंग.
दोघांकडे मिळून इंग्रजी एवढीच,
जेवढी दुकानाच्या गल्ल्यावर लागते.
तिनं अंगठा एकेका दाण्यावर ठेवला.
‘तुझा. हा तुझा. हा पण तुझा.’
काकाच्या कानाच्या पाळ्या लाल.
मग त्यानं बादली आणून पालथी घातली,
आकाशाकडे बोट दाखवलं, डोळे मिटले, घोरला,
उघडले, आणि हातांनी तुरा फुलवून दाखवला.
ती हसली नाही. बराच वेळ बादलीकडे बघत राहिली.
मग केसातली पिन काढून
सातही दाणे उचकटले, त्याच्या तळहातावर ठेवले,
आणि उरलेलं कणीस घेऊन निघून गेली.

आता टायरवाल्याच्या कॅलेंडरवर दोन खुणा असतात.
तिची पेरणी मार्चात, आमची मेच्या अखेरीस.
फुलोरे एकमेकांना भेटत नाहीत.
ती कधी कुंपणावरून भोपळ्याचे कोवळे वेल देते,
काका निळ्या तोर्तिया देतो, फडक्यात गुंडाळून, गरम.
त्या कणसाचा विषय निघत नाही.

सात दाणे अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीत आहेत,
ना तिचे, ना आमचे.
पेरायचे नाहीत, टाकायचे नाहीत, काकानं बजावलंय.
मी अधूनमधून बाटली हलवून बघते, आवाजासाठी.

या जूनमध्ये मोजले तर सहा.

आणि कुंपणाच्या कोपऱ्यात, नळाशेजारी,
कुठल्याच रांगेत न बसणारी
एक बादली पालथी.
मी विटेला हात लावला नाही.